कॅन्सरग्रस्त मुलांसाठी केस देताय? कात्री लागण्याआधी हे वाचा

केस कापून झाल्यावर ‘आता हे कुठे पाठवायचे?’ असं विचारणारे खूप असतात. प्रश्न चांगल्या मनाने विचारलेला असतो, पण बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. फरशीवरून गोळा केलेले केस, ओली असतानाच पिशवीत कोंबलेली वेणी, स्टेप कटमुळे निम्मी आखूड निघालेली पोनी, यांतून विग होत नाही. तीन-चार वर्षं जपून वाढवलेले केस असे वाया जातात, आणि हे पाहून फार वाईट वाटतं, कारण ही चूक टाळायला एक रुपयाही जास्त लागत नाही. क्रम तेवढा पाळावा लागतो.

पुढच्या बहुतेक नियमांमागे एकच कारण आहे, ते आधी सांगते. केसाच्या पृष्ठभागावर अतिशय सूक्ष्म खवले असतात आणि ते छपरावरच्या कौलांसारखे एकाच दिशेने, मुळाकडून टोकाकडे, एकावर एक बसलेले असतात. विगमध्ये सगळे केस त्याच दिशेने लागले तर ते सुळसुळीत राहतात. काही सुलटे, काही उलटे लागले की खवले एकमेकांत अडकतात आणि दोन-चार धुण्यांत विगचा गुंता होतो. म्हणून संस्थांना केस नुसते लांब असून चालत नाहीत. मूळ कोणत्या बाजूला आणि टोक कोणत्या बाजूला, हे शेवटपर्यंत कळायला हवं.

१. आधी संस्था ठरवा

संस्था म्हणजे शेवटी शोधायचा पत्ता, असं समजू नका. तिच्या नियमांवरच किती कापायचं, कसं बांधायचं आणि रंगवलेले केस चालतात का, हे ठरतं.

नियम सगळीकडे सारखे नसतात. अमेरिकेतली ‘लॉक्स ऑफ लव्ह’ किमान १० इंच केस मागते. तिला रंगवलेले केस चालतात, ब्लीच केलेले चालत नाहीत. तिथलीच ‘विग्ज फॉर किड्स’ रंगवलेले केस घेतच नाही. जपानमधल्या एका संस्थेची अट ३१ सेंटिमीटरची आहे. मुंबईत मदत ट्रस्टचा ‘कोप विथ कॅन्सर’ हा उपक्रम केस स्वीकारतो, आणि आपल्याकडे साधारण १२ इंच धरून चाललेलं बरं. पण मैत्रिणीने दोन वर्षांपूर्वी पाठवलेल्या मेसेजवर विसंबू नका. नियम बदलतात, पत्तेही बदलतात. संस्थेच्या संकेतस्थळावर जाऊन त्या आठवड्यात काय लिहिलंय ते वाचा, आणि शंका असेल तर फोन करा.

फोनवर एवढं विचारून घ्या:

- किमान लांबी किती, आणि ती कुठून कुठपर्यंत मोजायची?
- रंग, मेंदी, स्ट्रेटनिंग, केराटिन केलेले केस चालतात का?
- पांढरे केस चालतात का?
- वेणी घालून हव्यात की सुट्या बटा बांधून?
- सोबत कोणता फॉर्म लागतो?
- विग कोणाला मिळतात, आणि ते मोफत असतात का?

शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. ‘लहान मुलांसाठी’ म्हणून आपण केस देतो, पण आपल्याकडे अनेक ठिकाणी विग प्रामुख्याने केमोथेरपी घेणाऱ्या स्त्रियांना दिले जातात. माझ्या मते ते दानही तितकंच मोलाचं आहे. फक्त आपले केस कुठे जाणार हे देणाऱ्याला आधी ठाऊक असावं.

*इशारा:* लांब मानवी केसांना बाजारात चांगला भाव मिळतो. त्यामुळे कोणी केवळ इन्स्टाग्रामवर आवाहन केलं म्हणून केस पाठवू नका. नोंदणीकृत ट्रस्ट आहे का, आयकराच्या ८०जी कलमाखाली नोंद आहे का, विग दिल्याची माहिती ते देतात का, हे पाहा. ‘केस आमच्याकडेच ठेवा, आम्ही पाठवतो’ असं पार्लरने म्हटलं तर ते कोणत्या संस्थेसाठी गोळा करतात ते विचारा आणि त्या संस्थेला फोन करून खात्री करा. नाहीतर केस घरी आणा आणि स्वतः पाठवा.

परदेशात राहणाऱ्यांनी आपापल्या देशातल्या संस्थेलाच केस द्यावेत. इथून परदेशी संस्थेला पाठवायचा विचार असेल तर तोही सोडा. कच्च्या, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, मानवी केसांच्या निर्यातीवर केंद्र सरकारने २०२२ पासून निर्बंध घातले आहेत, पार्सल अडकण्यापेक्षा इथेच दिलेलं उत्तम.

२. मोजा, आणि मागे काय उरणार तेही मोजा

शिवणकामाची टेप घ्या. तिच्या एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात. घाईत सेंटिमीटरच्या बाजूने ‘तीस’ वाचून तीस इंच समजणारे निघतात, म्हणून बाजू पाहा.

केस कोरडे आणि विंचरलेले असताना, मानेवर जिथे रबर बसणार तिथपासून टोकापर्यंत मोजायचं. कुरळे केस हलक्या हाताने सरळ ताणून मोजले तरी बहुतेक संस्थांना चालतं. टाळूपासून मोजू नका. टाळूपासून कंबरेपर्यंतची लांबी ऐकायला छान वाटते, पण ती सगळी कापली जाणार नसते.

स्टेप कट किंवा लेयर्स असतील तर सगळ्यात आखूड थर मोजा. पोनीत सर्वांत लांब केस १५ इंचांचे आणि वरचा थर ९ इंचांचा असेल, तर १२ इंचांच्या अटीत त्यातले लांब केसच बसणार. अशा वेळी लेयर्स वाढू द्या, किंवा लांब आणि आखूड केसांच्या वेगवेगळ्या बटा बांधून फक्त लांब बटा द्या.

आता उरणाऱ्या केसांचा हिशेब. मानेपासून टोकापर्यंत १६ इंच केस आहेत आणि १२ इंच द्यायचे आहेत, तर मानेवर ४ इंच उरतील. त्यातूनही नीट आकार देताना अर्धा-एक इंच जाईल. म्हणजे बॉबपेक्षाही आखूड. हे आरशासमोर उभं राहून, केस वर दुमडून आधी पाहा. खुर्चीत बसल्यावर ‘अगं बाई, एवढे?’ असं वाटून ऐनवेळी दहाच इंच कापले की दान बाद होतं आणि केसही जातात.

*तपासा:* किमान अट अधिक एक इंच एवढी लांबी मिळते आहे का? नसेल तर थांबा. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतात. दोन इंच कमी पडत असतील तर चार महिन्यांचा प्रश्न आहे.

विगला एवढी लांबी का लागते असं वाटेल. जाळीच्या टोपीवर आकड्याच्या सुईने थोडे थोडे केस घेऊन गाठी मारतात. गाठीत लांबी जाते, टोकं छाटण्यात जाते, आणि एका विगला अनेक जणांचे केस लागत असल्यामुळे ते सारख्या लांबीचे निवडून घ्यावे लागतात. तुमचे १२ इंच म्हणजे मुलीच्या विगमध्ये १२ इंच नसतात.

३. हे केस चालत नाहीत

- गुंतवळ. विंचरताना निघालेले केस कितीही लांब असले आणि कितीही वर्षं जमवले असले तरी चालत नाहीत. त्यांची मुळं-टोकं मिसळलेली असतात.
- जुनं गंगावन किंवा एक्स्टेन्शन. आजीच्या पेटीतलं गंगावन खऱ्या केसांचं असलं तरी पाठवू नका.
- जावळ. बाळाचे केस आखूड आणि फार नाजूक असतात. जावळाचे केस देता येतील का, असं अनेक आया विचारतात. नाही येत.
- देवाला दिलेले केस. तिरुपतीला उतरवलेले केस देवस्थानचे होतात आणि त्यांचा लिलाव होतो. दोन्ही इच्छा एकाच केसांत पूर्ण होणार नाहीत. आधी बांधून कापलेल्या बटा दानाला द्या आणि उरलेल्या केसांचं मुंडन करा, हा मार्ग मात्र आहे.
- ब्लीच किंवा हायलाइट केलेले केस. ब्लीचने केस आतून ठिसूळ होतो आणि विग तयार करतानाच्या प्रक्रियेत तुटतो. वरून काळा रंग लावला तरी आत ब्लीच आहेच, ते लपवू नका.

रंग आणि मेंदीचं उत्तर संस्थेनुसार बदलतं. मेंदीचा थर केसावर बसलेला असतो, म्हणून ‘मेंदी तर नैसर्गिकच आहे’ असं गृहीत धरून गप्प बसू नका, विचारा.

उवा-लिखा असतील तर आधी उपचार, मग दान. उपचार झाल्यावर निदान दोन आठवडे बारीक फणीने विंचरून पाहा. लिखा केसाला घट्ट चिकटतात आणि तुमच्या एका बटेमुळे संस्थेच्या पेटीतले बाकीचे केसही धोक्यात येतात.

४. दिवस आणि पार्लर

घरात सोमवार, शनिवार, अमावस्या पाळत असतील तर दिवस आधीच बोलून ठरवा. हे लहानसं वाटतं, पण आदल्या रात्री वाद होऊन बेत मोडलेले असतात. लग्न तोंडावर असेल, आंबाडा घालायचा असेल, तर लग्नानंतरची तारीख घ्या.

पार्लरमध्ये फोन करून स्पष्ट सांगा: ‘केस दान करायचे आहेत. धुऊन, वाळवून येणार आहे. कापण्याआधी केस ओले करायचे नाहीत.’ नेहमीच्या हेअरकटमध्ये पहिलं काम पाण्याचा स्प्रे मारण्याचं असतं आणि सवयीने हात तिकडेच जातो. गर्दीचा रविवार टाळा. बटा बांधायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि मागे चार जणी खोळंबल्या असतील तर ते काम उरकलं जातं.

सोबत न्यायच्या वस्तू: पंधरा-वीस घट्ट रबरबँड, टेप, मोठ्या दातांचा कंगवा, झिपलॉक पिशवी. कापडी गुंडाळीचे सैल रबर नकोत, ते घसरतात.

५. धुणे आणि वाळवणे

आदल्या दिवशी सकाळी केस धुवा. त्याआधीचे दोन-तीन दिवस तेल लावू नका. आपल्याकडे केस कापण्याआधी चांगलं तेल चोपडण्याची माया असते, पण तेलकट केसांना धूळ चिकटते आणि पिशवीत वास धरतो. साधा शाम्पू पुरे. कंडिशनर लावला तर भरपूर पाण्याने काढा. धुतल्यानंतर सीरम, जेल, स्प्रे काही नाही.

मग वाळू द्या, पूर्ण. दाट केस वरून कोरडे लागतात आणि मानेजवळ, आतल्या थरात तासन् तास ओलसर राहतात. पावसाळ्यात तर कोकणात आणि मुंबईत दुसऱ्या दिवशीही आत गारवा लागतो. मानेजवळच्या केसांत बोटं घालून दाबून पाहा. गार लागलं तर ओलं आहे. पंख्याखाली बसा, केस वेगळे करून हवा खेळू द्या. ड्रायर वापरला तर गार हवेवर.

*इशारा:* ओलसर केस बंद पिशवीत गेले की बुरशी धरते, आणि बुरशी धरलेले केस धुऊन वापरता येत नाहीत. बाकी सगळं बरोबर करूनही या एका गोष्टीने दान फुकट जातं.

६. बटा बांधणे

सगळे केस एकत्र ओढून मानेवर एक पोनी बांधायची आणि कापायची, ही सर्वांत जास्त होणारी चूक. एका पोनीत कपाळाजवळचे केस पूर्ण डोक्यावरून फिरून मानेपर्यंत येतात, त्यामुळे कापल्यावर पुढचे लांब आणि मागचे अगदी आखूड राहतात. मग तो आकार सारखा करताना पुढच्या केसांचे हकनाक दोन-तीन इंच फरशीवर पडतात. जाड पोनीत मधले केस रबरातून सैल राहतात, ते वेगळं.

असं करा:

१. मधोमध कपाळापासून मानेपर्यंत भांग पाडा. मग कानापासून कानापर्यंत आडवा भांग. चार भाग झाले. केस फार दाट असतील तर सहा करा.

२. प्रत्येक भाग विंचरून गुंता काढा आणि जिथून तो भाग उगवतो त्याच्या सरळ खाली लोंबू द्या. मागे ओढू नका.

३. जिथे कापायचं त्याच्या अर्धा इंच खाली रबर घट्ट गुंडाळा, तीन-चार वेढे. बट दोन्ही हातांनी धरून ओढून पाहा. रबर सरकला तर पुन्हा बांधा.

४. दुसरा रबर बटेच्या मध्यावर, तिसरा टोकाच्या दोन इंच वर. संस्थेने वेणी मागितली असेल तर या दोन रबरांऐवजी साधी तीन पेडांची वेणी घाला, पण वरचा रबर हवाच.

*तपासा:* आता प्रत्येक बट वरच्या रबरापासून टोकापर्यंत मोजा. चारही बटा अटीत बसतात का? एखादी बसत नसेल तर तिचा रबर वर सरकवा. कात्री लागल्यानंतर हे करता येणार नाही.

७. कापणे

कात्री हातात घेण्याआधी कापणाऱ्या ताईंना हे शब्दशः सांगा: ‘रबराच्या वर, डोक्याच्या बाजूने कापा. रबर कापलेल्या केसांबरोबर आला पाहिजे.’

हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण हात नेमका उलट जातो. रबराच्या खाली कापलं की रबर डोक्यावर राहतो, हातातली बट क्षणात सुटते आणि शेकडो केस मांडीवर, फरशीवर पसरतात. ते गोळा करून पुन्हा बांधले तरी मुळं आणि टोकं मिसळलेली असतात.

एक बट हातात घट्ट धरायची, रबराच्या अर्धा इंच वर. जाड बट एका फटक्यात कापली जात नाही. कात्री करकरते, केस पात्यांतून पुढे सरकतात आणि काप तिरका येतो. धारदार कात्रीने कडेपासून थोडं थोडं, आठ-दहा लहान कापांत आत जायचं. बट सुटून हातात आली की ती खाली टाकायची नाही, मुळाची बाजू वर ठेवून टेबलावर आडवी ठेवायची. सगळ्या बटा एकाच दिशेने. वस्तरा किंवा मशीन वापरू नका.

सगळ्या बटा निघाल्यावरच स्प्रे, शाम्पू, आणि उरलेल्या केसांचा हवा तसा कट.

फोटो काढायचे तर बटा बांधून झाल्यावर, कापण्याआधी काढा. कापलेल्या बटा हातात नाचवून व्हिडिओ करताना रबर निसटतात.

८. पिशवीत भरणे आणि पाठवणे

घरी आल्यावर बटा पुन्हा एकदा बोटांनी दाबून पाहा. थोडीही शंका आली तर रात्रभर पंख्याखाली स्वच्छ कागदावर, लहान मुलांच्या आणि मांजराच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. मग झिपलॉक पिशवीत, न दुमडता किंवा सैल गोल करून ठेवा आणि हवा काढून बंद करा. आत डांबराच्या गोळ्या, अत्तर, उदबत्ती काही टाकू नका. विग घालणाऱ्या मुलाची त्वचा औषधांमुळे आधीच हळवी झालेली असते.

फॉर्म वेगळ्या प्लास्टिकमध्ये घाला. फॉर्म नसेल तर साध्या कागदावर नाव, पत्ता, मोबाइल, बटांची संख्या, लांबी आणि केसांवर रंग, मेंदी किंवा कोणती प्रक्रिया झाली आहे ते खरं लिहा.

साध्या टपालाने पाठवू नका. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा, तिच्यावरच्या क्रमांकाने पार्सल कुठे आहे ते कळतं. पोहोचल्याचं दिसलं आणि दोन-तीन आठवड्यांत पोच आली नाही तर एक फोन करा. बऱ्याच संस्था मोजक्या माणसांवर चालतात, तेव्हा रोज विचारू नका. केस घेऊन थेट कॅन्सर रुग्णालयाच्या दारात जाणंही टाळा. विग बनवणं हे रुग्णालयाचं काम नसतं आणि तिथल्या गर्दीत तुमची पिशवी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

मुलगी केस देणार असेल तर

शाळेतल्या मुली स्वतःहून म्हणतात, ‘आई, मलापण द्यायचेत.’ ही इच्छा जरूर जपा. पण कापण्याच्या दिवशीसुद्धा तिला ‘नको’ म्हणता आलं पाहिजे. केस वर दुमडून तिला आरशात दाखवा आणि आठवडाभर विचार करू द्या. शाळेचं स्नेहसंमेलन, भरतनाट्यमची परीक्षा कधी आहे पाहा. नातेवाइकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे ‘अरे देवा, एवढे सुंदर केस कापले?’ हे तिच्या तोंडावर कोणी म्हणणार नाही.

स्वतःची केमोथेरपी सुरू होणार असेल तर

उपचारांआधी स्वतःचे लांब केस देणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्यासाठी वेळ सगळ्यात महत्त्वाची असते. ज्या औषधांनी केस गळतात त्यांत गळती साधारण पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू होते. गळायला लागलेले केस बांधून कापता येत नाहीत, म्हणून पहिल्या डोसच्या आधीच कापा. तुमच्याच केसांचा विग तुमच्यासाठी करून मिळेल का, हेही विग करणाऱ्यांना विचारा. आणि उपचार चालू असताना डोक्यावर वस्तरा फिरवू नका. रक्तातल्या, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी असताना लहानशी जखमही महागात पडते. उरलेले केस काढायचे तर डॉक्टरांना विचारून मशीनने काढा.

केस अटीत बसत नसतील तर

आखूड केस, ब्लीच, गुंतवळ, कारण काहीही असो, न चालणारे केस ‘बघू, घेतील’ म्हणून पाठवू नका. ते निवडून बाजूला काढण्याचं काम तिथल्या कोणालातरी करावं लागतं. विग तयार करायला पैसे लागतात, तेव्हा त्याच संस्थेला विगच्या खर्चासाठी रक्कम देता येते. मऊ सुती टोप्या आणि स्कार्फही विचारून द्या. मुंबईच्या उकाड्यात कित्येक मुलं विग काढून टोपीच घालतात.

वय १८ पूर्ण, वजन ५० किलोच्या वर आणि तब्येत चांगली असेल, तर जवळच्या कॅन्सर रुग्णालयाच्या रक्तपेढीत प्लेटलेट दात्यांच्या यादीत नाव नोंदवा. ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना प्लेटलेट वारंवार लागतात आणि त्या पाच दिवसांपेक्षा जास्त टिकत नाहीत, त्यामुळे साठा करून ठेवता येत नाही. साधारण तास-दीड तास बसावं लागतं. जाण्याआधी तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नसावी, आणि पोट रिकामं ठेवून जाऊ नका.